सभासद की अवयव? : एपिस्कोपल पॅरिशमधील संस्कार व सभासदत्व

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २:३७-४७, रोमकरांस पत्र ६:१-११, करिंथकरांस पहिले पत्र ११:१७-३४ व १२:१२-२७



नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेले आणि काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेले एक तरुण दांपत्य मला अधूनमधून पत्र लिहीत असते. मागे एका पत्रात त्यांनी एक प्रसंग कळवला. घराजवळच्या एपिस्कोपल चर्चमध्ये ते प्रथमच उपासनेस गेले होते. प्रभुभोजनाच्या वेळी वेदीच्या कठड्याशी दोघे गुडघे टेकून बसले व त्यांचा सहा वर्षांचा मुलगाही त्यांच्या शेजारी बसला. पाळक भाकर देत देत मुलापाशी आले. मुलाने इतरांचे पाहून दोन्ही हात पुढे केले. तोच आईने ते चटकन मागे ओढले. उपासनेनंतर तिने संकोचाने खुलासा केला की, मुलाचे अद्याप कन्फर्मेशन झालेले नाही. पाळकांनी सौम्यपणे विचारले, "पण त्याचा बाप्तिस्मा झाला आहे ना?"

पत्रात तीन प्रश्न होते. आमचा बाप्तिस्मा व कन्फर्मेशन येथे ग्राह्य आहे काय? येथे सभासद होण्यासाठी काय करावे लागते? आणि मी मुलाचे हात मागे ओढले, ते बरोबर केले की चूक? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या चर्चच्या नियमावलीत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर शोधू लागलो की ख्रिस्ताच्या मंडळीचे असणे म्हणजे नेमके काय, या मूळ प्रश्नाशी आपण येऊन ठेपतो. म्हणून या तिन्ही प्रश्नांचा विचार आपण एकत्र करू.

दोन शब्दांचा विचार

शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला शब्दांपाशी थांबण्याची सवय लागते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल जो 'मेलोस' हा ग्रीक शब्द योजतो, त्याचा अर्थ शरीराचा भाग असा आहे. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी 'अवयव' हा यथार्थ शब्द आहे. इंग्रजीतील 'मेंबर' हा शब्दही मुळात लॅटिन 'मेम्ब्रुम' म्हणजे अवयव यापासूनच आला. परंतु पुढे क्लब, पतपेढ्या व संस्था निघाल्या, त्यांचेही मेंबर होऊ लागले आणि मूळ अर्थ झाकला गेला. आपण त्याचे मराठी केले 'सभासद', म्हणजे सभेत बसणारा. सभेत बसणारा मनात येईल तेव्हा उठून जाऊ शकतो, वर्गणी थकली तर त्याचे नावही कमी होते. हाताला मात्र असे उठून जाता येत नाही. तो शरीरात असतो, नाही तर तुटलेला असतो.

दुसरा शब्द 'सॅक्रामेंट'. लॅटिनमध्ये 'सॅक्रामेंटुम' म्हणजे रोमी शिपायाने घ्यावयाची शपथ. ग्रीक 'मुस्तेरिओन' म्हणजे देवाचे गूज, या शब्दासाठी प्राचीन लॅटिन ख्रिस्ती लेखकांनी तो वापरला. त्यामुळे देव जे गुप्तपणे करतो ते आणि मनुष्य जी निष्ठा वाहतो ती, असे दोन्ही अर्थ त्यात एकवटले. आपण मराठीत 'संस्कार' म्हणतो. तो शब्द चांगला आहे, परंतु आपल्या देशात संस्कार हे जन्म, कुळ व जात यांच्याशी बांधले गेले होते, हे विसरता येत नाही. बाप्तिस्मा यांपैकी कशाशीही बांधलेला नाही (गलतीकरांस पत्र ३:२७-२८ पाहा).

एपिस्कोपल चर्चची शिकवण अशी की, दोन संस्कार प्रभूने स्वतः आपल्या सर्व लोकांसाठी नेमून दिले : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. दृढीकरण, दीक्षा, विवाह, पश्चात्ताप करणाऱ्याचा समेट व आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हे पाच विधीही कृपेची साधने आहेत, परंतु ते प्रत्येकाला सारखेच आवश्यक आहेत असे नाही. जो विवाह करीत नाही किंवा दीक्षा घेत नाही, तो त्यामुळे कमी ख्रिस्ती ठरत नाही.

बाप्तिस्मा : जन्म आणि जन्माची नोंद

या चर्चच्या नियमावलीत सभासदत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात प्रवेश-फी नाही, वर्गणी नाही, जन्मस्थान नाही. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, मग तो याच चर्चमध्ये झालेला असो की अन्य कोणत्याही ख्रिस्ती चर्चमध्ये, आणि ज्याच्या बाप्तिस्म्याची या चर्चमध्ये रीतसर नोंद झाली आहे, तो या चर्चचा सभासद होय. रोमन कॅथलिक मंडळीतून आलेला असो की बॅप्टिस्ट मंडळीतून, त्याचा बाप्तिस्मा पुन्हा केला जात नाही. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकाची शिकवण अशी की, बाप्तिस्म्याने मनुष्याचा ख्रिस्ताच्या शरीरात पूर्ण प्रवेश होतो आणि देवाने जोडलेले ते बंधन कधीही तुटत नाही. बाप्तिस्मा झाला की नाही याविषयी खरोखरच शंका असेल, तर "झालेला नसल्यास" अशा अटीच्या शब्दांनी तो दिला जातो. मरणोन्मुख व्यक्तीला कोणीही बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती मनुष्य बाप्तिस्मा देऊ शकतो. मात्र नंतर ते पाळकांना कळवून त्याची नोंद करून घ्यावी लागते.

हा संस्कार शक्यतो रविवारच्या मुख्य उपासनेत, सर्व मंडळीसमक्ष होतो. पुनरुत्थानदिनाच्या आदल्या रात्रीची जागरणाची उपासना, पेंटेकॉस्टचा दिवस, सर्व संतांचा दिवस, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार आणि बिशपांच्या भेटीचा दिवस हे त्यासाठी विशेष योग्य मानले आहेत. बालकाच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता उत्तरे देतात. त्यांच्याबरोबर सबंध मंडळी उभी राहून आपला स्वतःचा करार नव्याने करते. प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात व प्रार्थनांत टिकून राहणे, पापात पडल्यास पश्चात्ताप करून प्रभूकडे परतणे, शब्दाने व वागणुकीने सुवार्ता सांगणे, प्रत्येक मनुष्यात ख्रिस्ताला पाहून त्याची सेवा करणे, आणि न्याय, शांती व प्रत्येक मनुष्याची प्रतिष्ठा यांसाठी झटणे, असा तो पाच कलमांचा करार आहे. पहिले कलम प्रेषितांची कृत्ये २:४२ वरून घेतले आहे, हे आपल्या ध्यानात येईलच.

व्याख्येत बाप्तिस्मा व नोंद अशा दोन गोष्टी आहेत. नोंदीचे प्रयोजन काय? नगरपालिकेच्या वहीत नाव लिहिल्यामुळे मूल जन्माला येत नाही. ते आधी जन्मते, मग नोंद होते. तरी ज्या मुलाची नोंद नाही त्याच्यासाठी शाळेत बाक राखला जात नाही आणि रोग्यांच्या यादीतही त्याला कोणी शोधत नाही. पॅरिशची नोंदवही तशीच आहे. देवाने केलेले ती निर्माण करीत नाही, तर ओळखते. पाळकाने कोणाच्या दारी जायचे, कोणासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची, कोण दिसेनासा झाला आहे, हे तिच्यामुळे कळते.

हा विचार आपल्याला परका नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीनुसार झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आग्रहाने मांडले की, बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीच्या झालो, एखाद्या पंथाच्या प्रत्येक मताला बांधले गेलो नाही. सिस्टर जेराल्डिन यांना ते पटले नाही. आज एपिस्कोपल चर्चची व्याख्या वाचताना रमाबाईंच्या म्हणण्यातील सत्य जाणवते. परंतु दुसरी बाजूही विसरू नये. "मी विश्वव्यापी मंडळीचा आहे" असे म्हणून कोणत्याच मंडळीत पाऊल न ठेवणारे आपल्यात थोडे नाहीत. रमाबाईंनी तसे केले नाही. मुक्तिसदनात त्यांनी शेकडो जणींबरोबर उपासना केली व श्रम केले. अवयव हा कोठल्या तरी खऱ्याखुऱ्या शरीरातच असतो.

प्रभुभोजन : जेथे अवयवाला पोषण मिळते

नियमावलीची पुढची पायरी पाहण्यासारखी आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेला सभासद प्रौढ सभासद होय. मागील वर्षात या चर्चमध्ये निदान तीन वेळा प्रभुभोजन घेतलेला सभासद हा 'कम्युनिकंट', म्हणजे भोजनात सहभागी असलेला सभासद होय. आणि ज्याने वर्षभर, योग्य कारणाशिवाय न चुकवता, सामुदायिक उपासनेत भाग घेतला व देवाच्या राज्याच्या प्रसारासाठी काम, प्रार्थना व दान यांत विश्वासूपणा दाखवला, तो 'सुस्थितीतील' सहभागी सभासद होय.

येथे दानाचा उल्लेख आहे, परंतु तो उपासना, काम व प्रार्थना यांच्या पंक्तीत शेवटी आहे. पुष्कळ पॅरिशमध्ये शरद ऋतूत प्रत्येक कुटुंब पुढील वर्षाच्या दानाचे वचन कार्डावर लिहून देते. त्यावरून पॅरिशचा खर्च ठरतो. तथापि ते कार्ड म्हणजे सभासदत्वाची किंमत नव्हे. वार्षिक सभेत व्हेस्ट्री, म्हणजे आपल्याकडील पास्टोरेट कमिटीसारखे मंडळ, निवडले जाते. त्यासाठी मत कोणाला असावे, याचे तपशील डायोसिसनुसार वेगवेगळे असतात.

ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याने प्रभुभोजन घेऊ नये, असाही नियम आहे. काही पॅरिश सर्वांनाच मेजावर बोलावतात आणि नियम रद्द करावा असा प्रस्ताव २०२२ च्या जनरल कन्व्हेन्शनकडे आला होता, पण तो मंजूर झाला नाही. प्रभू पापी व जकातदारांबरोबर जेवला, हे बदल मागणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. तरीही मला नियम योग्य वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांतील क्रम असाच आहे : वचन ऐकले, बाप्तिस्मा घेतला, मग भाकर मोडली. पाहुण्याला बाहेर ठेवणे हा त्या क्रमाचा हेतू नाही. त्याने पाहुणा राहू नये, घरचा व्हावे, हा आहे.

मेजावरून कोणाला दूर ठेवण्याचा अधिकारही पाळकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. उघडपणे दुराचारी असलेल्यास, किंवा परस्परांशी वैर धरून क्षमा करण्यास नकार देणाऱ्यास पाळक थांबवू शकतो, परंतु त्याची कारणे चौदा दिवसांच्या आत बिशपांना कळवणे त्याला बंधनकारक आहे. आपल्याकडे वैयक्तिक रागातून कोणाला 'बंद' केले गेल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या चौदा दिवसांचे महत्त्व सांगावयास नको.

दृढीकरण : तिकीट नव्हे, उत्तर

आता त्या आईच्या संकोचाकडे वळू. तिने जे केले त्यामागे मोठी परंपरा होती. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा नियम असा की, ज्याचे दृढीकरण झाले आहे, किंवा जो त्यास तयार व उत्सुक आहे, त्यालाच प्रभुभोजनास घ्यावे. आपल्याकडील बहुतेक मंडळ्यांत हीच शिस्त रुजली.

परंतु अमेरिकेत या नियमाची मोठी अडचण झाली. 'एपिस्कोपल' हा शब्द ग्रीक 'एपिस्कोपोस' म्हणजे देखरेख करणारा, आपल्या शास्त्रातील 'अध्यक्ष', यावरून आला. एपिस्कोपल म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालील मंडळी. असे असून १६०७ मध्ये जेम्सटाऊन वसले तेव्हापासून सुमारे पावणेदोनशे वर्षे त्या वसाहतींत एकही अँग्लिकन बिशप नव्हता. दीक्षेसाठी उमेदवाराला समुद्र ओलांडून इंग्लंडला जावे लागे आणि दृढीकरण तर तेथे कोणाचेच होऊ शकत नसे. स्वातंत्र्ययुद्धानंतर कनेक्टिकटच्या पाळकांनी सॅम्युएल सीबरी यांना निवडले. राजनिष्ठेच्या शपथेमुळे इंग्लंडच्या बिशपांना त्यांचे अभिषेचन करता येईना. अखेर १४ नोव्हेंबर १७८४ रोजी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे ते झाले. १७८९ मध्ये फिलाडेल्फिया येथे या चर्चची घटना व स्वतःचे प्रार्थनापुस्तक संमत झाले. तोपर्यंत कित्येक पिढ्या दृढीकरणाची केवळ इच्छा धरून प्रभुभोजन घेत जगल्या व मेल्या. त्या ख्रिस्ताच्या शरीराबाहेर होत्या असे कोण म्हणेल?

पुढे शास्त्राचा व आद्य मंडळीच्या रीतीचा अभ्यास होऊन १९७० च्या जनरल कन्व्हेन्शनने दृढीकरणापूर्वी बालकांना प्रभुभोजन देण्यास मोकळीक दिली आणि १९७९ च्या प्रार्थनापुस्तकाने बाप्तिस्मा हाच पूर्ण प्रवेश असल्याचे स्पष्ट केले. मग दृढीकरण निरर्थक ठरले काय? मुळीच नाही. प्रौढ सभासदाने योग्य शिक्षण घेऊन आपल्या विश्वासाची जाहीर कबुली द्यावी व बिशपांनी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करावी (प्रेषितांची कृत्ये ८:१४-१७ पाहा), अशी अपेक्षा नियमावलीत कायम आहे. दीक्षेचा उमेदवार होण्यासाठी तर ते आवश्यकच आहे. बदलले ते त्याचे स्थान. पूर्वी ते मेजावर येण्याचे तिकीट होते. आता बालपणी देवाने आपल्याला जी हाक दिली, तिला जाणतेपणी दिलेले ते उत्तर आहे.

फिलाडेल्फियाचा धडा

तत्त्व उत्तम असले तरी मंडळी त्याप्रमाणे वागतेच असे नाही. ज्या फिलाडेल्फियात या चर्चची घटना झाली, त्याच शहरात अब्सालोम जोन्स राहत होते. १७४६ मध्ये डेलावेअर येथे ते गुलाम म्हणून जन्मले आणि १७८४ मध्ये त्यांनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. ते ज्या मेथडिस्ट चर्चमध्ये जात, तेथे कृष्णवर्णीयांना प्रार्थनेत गुडघ्यावर असताना उठवून वेगळ्या जागी हाकलण्याचा प्रकार घडला, तेव्हा ते सर्व बाहेर पडले. त्यांनी उभारलेली सेंट थॉमस ही मंडळी १७९४ मध्ये एपिस्कोपल चर्चमध्ये घेतली गेली. पुढे जोन्स या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट झाले.

परंतु मंडळीला घेताना एक अट घातली गेली : डायोसिसच्या वार्षिक परिषदेत तिने प्रतिनिधी पाठवू नयेत. ही अट सुमारे सत्तर वर्षे टिकली. बाप्तिस्मा तोच, मेजावरील भाकर तीच, वहीत नावेही होती, पण कारभारात जागा नव्हती. त्यांना शरीराचे अवयव मानले खरे, पण बोलू मात्र दिले नाही. आज त्या चर्चचे कॅलेंडर १३ फेब्रुवारी या जोन्स यांच्या मृत्युदिनी त्यांचे स्मरण करते आणि वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ आदी कारणांवरून कोणालाही चर्चच्या जीवनात, उपासनेत व कारभारात समान स्थान नाकारू नये, असे नियमावली सांगते. त्या 'कारभारात' या एका शब्दामागे सत्तर वर्षांचा अपमान आहे.

वाचकहो, हे वाचून आपण अमेरिकेकडे बोट दाखवू नये. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिणेतील मंडळ्यांना लिहावे लागले की, उपासनेतील व प्रभुभोजनातील जातिभेद ताबडतोब सोडून द्या. तंजावर भागात कित्येकांनी जात सोडण्याऐवजी मंडळी सोडली. करिंथ येथे श्रीमंत आधी जेवत व गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने सांगितले की, हे प्रभूचे भोजनच नव्हे (करिंथकरांस पहिले पत्र ११:२०-२२). आपण ज्याच्याबरोबर प्याला घेतो, त्याच्या घरी सोयरीक करताना, किंवा त्याला कमिटीत निवडून देताना जर अडखळत असू, तर पौलाचे पत्र आपल्यालाच उद्देशून आहे.

दाखला आणि प्रवास

त्या दांपत्याच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता सोपी आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांच्याच नागपुरात सहा मंडळ्यांच्या ऐक्याने चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. ही मंडळी, तशीच चर्च ऑफ साउथ इंडिया व मार थोमा मंडळी, एपिस्कोपल चर्चशी पूर्ण सहभागितेत आहे. त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य आहे. बिशपांच्या हातून झालेले दृढीकरणही ग्राह्य आहे. ज्याने दुसऱ्या मंडळीत प्रौढपणी जाहीर कबुली दिली आहे, पण ज्याच्यावर बिशपांनी हात ठेवलेले नाहीत, त्याला नव्याने कन्फर्म करण्याऐवजी बिशप हात ठेवून चर्चमध्ये 'स्वीकारू' शकतात.

सभासद एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये जातो तेव्हा त्याने दाखला न्यावा, अशी अपेक्षा आहे. तो सभासद आहे, सहभागी आहे, सुस्थितीत आहे आणि त्याचे दृढीकरण झाले आहे की नाही, हे त्यात नमूद असते. सहभागितेतील अन्य मंडळ्यांच्या लोकांनाही ही सोय लागू आहे. म्हणून परदेशी जाणाऱ्याने पासपोर्टाबरोबर बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला व आपल्या पाळकांचे पत्र जरूर न्यावे.

हीच गोष्ट देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यांनाही लागू आहे. इंदूर, दिल्ली, बडोदा, बेंगळुरू येथे राहणारे आपले कितीतरी लोक वर्षानुवर्षे स्थानिक मंडळीत 'पाहुणे' म्हणून शेवटच्या बाकावर बसतात. त्यांचे नाव मूळ गावच्या वहीत असते. लग्न, दफन व निवडणूक या तीन प्रसंगीच त्या वहीची आठवण होते. गावच्या पाळकांना ते कोठे आहेत ठाऊक नसते आणि शहरच्या पाळकांना ते कोण आहेत ठाऊक नसते. आजारपण येते तेव्हा दाराशी कोणी येत नाही, मग "मंडळीत प्रेम उरले नाही" अशी तक्रार होते. दाखला आणून देणे हे लहानसे काम आहे, पण त्याने आपण म्हणतो, "मी येथे आहे. मला शोधा, मलाही कामाला लावा."

तिसरा प्रश्न

आईने हात मागे ओढले, ते बरोबर की चूक? मी त्यांना लिहिले : ज्या शिस्तीत आपण वाढलात तिच्याशी आपण प्रामाणिक राहिलात, त्यात दोष नाही. आता जेथे आहात तेथील शिस्तीनुसार मुलाचे हात पुढे येऊ द्या. सुटीत नागपूरला आलात, तर येथील पाळकांना विचारून येथील रीतीप्रमाणे चाला, कारण भोजनास एकत्र येताना एकमेकांसाठी थांबावे, अशी पौलाची आज्ञा आहे (११:३३). परंतु पाळकांनी विचारलेला प्रश्न विसरू नका. त्यांनी मुलाचे वय, इयत्ता किंवा पाठांतर विचारले नाही. देवाने त्याच्यासाठी काय केले आहे, एवढेच विचारले.

काही महिन्यांनी उत्तर आले. दाखले पोहोचले होते, तिघांची नावे नोंदवहीत लिहिली गेली होती. त्या दिवशी मुलाने विचारले, "आता आपण इथले झालो का?" वडिलांनी सांगितले, "तुझा बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी झालो होतो. आज फक्त इथल्या लोकांना कळले."

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. 'सभासद' व 'अवयव' या दोन शब्दांपैकी आपल्या मंडळीच्या व्यवहारात कोणता अर्थ अधिक दिसतो? उदाहरणे द्या.

२. आपल्या बाप्तिस्म्याची तारीख, स्थळ व नोंद आपल्याला ठाऊक आहे काय? नसल्यास या महिन्यात शोधून काढा.

३. बाप्तिस्मा झालेल्या बालकांना प्रभुभोजन द्यावे काय? प्रेषितांची कृत्ये २:३७-४७ व करिंथकरांस पहिले पत्र ११:२७-२९ यांच्या आधारे दोन्ही बाजू मांडा.

४. ज्यांना आपल्या मेजावर जागा आहे, पण कारभारात नाही, असे कोणी आपल्या मंडळीत आहेत काय? त्यांच्यासाठी आपण काय करणार?